वर्गणी परत करणाऱ्या विद्याताई

विद्याताई देणगीच्या पाकिटाला हात लावण्याआधी समोरच्याचा पासपोर्ट कुठला ते विचारायच्या. टोकियोतल्या ओजिमा भागात वॉर्डसभेच्या एका सदस्यबाईंच्या ऑफिसात त्या अर्धवेळ कामाला होत्या. आम्हा भारतीयांची गाऱ्हाणी जपानीत सांगायला तिथे कुणीतरी हवंच होतं. नवऱ्याच्या कंत्राटापायी पुण्याहून आलेल्या आणि पन्नाशीत जपानी शिकलेल्या ताईंना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं कार्ड मिळालं होतं. ते त्या दोन्ही हातांनी द्यायच्या, अगदी मलासुद्धा. आणि मी तर शेजारच्या इमारतीतला!

त्या वर्षी सदस्यबाईंनी आम्हाला गणपतीसाठी हॉल मिळवून दिला. आपली रीत काय? ज्याने मदत केली, त्याच्या निवडणुकीला हातभार लावायचा. मी बारा घरांतून वर्गणी काढली आणि पाकीट घेऊन गेलो. ताईंनी ते तसंच माझ्या हातात परत ठेवलं.

"अरे शेखर, राजकारण्याने परदेशी माणसाकडून देणगी घेणं इथे गुन्हा आहे. पाहुण्याने पोटभर जेवावं, घरच्यांच्या वाटणीत बोलू नये."

"अहो ताई, वर्गणी आहे ही, लाच नाही!"

"कायद्याला मराठी येत नाही रे," त्या हसून म्हणाल्या.

मला रागच आला. बारा घरांत आता तोंड कसं दाखवायचं? ताईंच्या सुट्टीच्या दिवशी मी पुन्हा गेलो आणि फॉर्मवर आमच्या इमारतीचे जपानी केअरटेकर मोरीसान यांचं नाव ठोकून दिलं. त्यांना न विचारता. काय अक्कल म्हणावी! पावती टपालाने मोरीसानच्या हातात पडली आणि त्यांनी ऑफिसला फोन केला, मी एक येनही दिलेला नाही म्हणून. पाकीट आणणारा भारतीय होता, एवढंच तिथल्या कारकुनाला आठवत होतं. झालं, सगळ्यांची बोटं ताईंकडे वळली. तुमच्या माणसांना ही वाट तुम्हीच दाखवलीत ना?

ताई माझ्या घरी आल्या. "शेखर, तुला काही माहीत आहे का रे?"

"नाही हो ताई," मी म्हणालो आणि चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. माझा व्हिसा, माझी नोकरी, तेवढंच सुचलं मला. आज लिहितानाही शरम वाटते.

पुढे त्यांनी राजीनामा दिला. आमच्या लोकांना नियम नीट समजावले नाहीत, चूक माझी, असं त्यात लिहिलं होतं. वर्षभरात नवऱ्याचं कंत्राट संपलं. बॅगा उचलायला मी स्टेशनवर गेलो. गाडीला चार मिनिटं होती, तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं.

"ताई, ते पाकीट माझं होतं."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तू येऊन सांगशील म्हणून तर तो राजीनामा तीन आठवडे पर्समध्ये घेऊन फिरत होते."