पिकायला ठेवलेला डोळा

ओझरच्या मालनबाई गोधड्या शिवतात. सत्तरी उलटली, पण टाका अजून सरळ. कात्री शेजारी असली तरी दोरा तोडायच्या दातानेच.

गेल्या थंडीत त्यांचं कानशील ठणकायला लागलं. फणी लावली तरी टाळू दुखे. भाकरी चावता चावता जबडा भरून येई, थांबलं की बरं वाटे. घरातल्यांनी दाताला दोष दिला आणि एक दाढ काढून टाकली. दाढ बिचारी फुकट गेली, दुखणं होतं तिथेच राहिलं.

मग एका सकाळी सुई ओवताना उजव्या डोळ्यापुढे करडा पडदा उतरला आणि थोड्या वेळाने आपोआप गेला.

"मोतीबिंदू असंल," मुलगा दीपक म्हणाला. "पिकू दे. उन्हाळ्यात ऑपरेशन करू."

मोतीबिंदू आंब्यासारखा अढीत घालायची आपल्याकडे खोडच आहे. मालनबाईंनीही मान डोलावली. आठवड्याने पडदा पुन्हा उतरला, तो गेलाच नाही.

आता मात्र त्यांचं धाबं दणाणलं. सून निकिताने दीपकला गाडी काढायला लावली आणि त्यांना गंगापूर रोडवर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी डोळा तपासला आणि भलतंच विचारलं.

"आजी, चावताना जबडा दुखतो?"

मालनबाईंनी गालावर हात ठेवला. डोळेवालीला जबड्याचं कसं कळलं?

"हा मोतीबिंदू नाही. डोक्याकडच्या रक्तवाहिन्या सुजल्यात, डोळ्याला जाणारं रक्त तुटलंय. उतारवयातच होतो हा आजार. रक्त तपासू, कानशिलाच्या नसेचा तुकडाही तपासू. पण सलाईनमधून स्टिरॉइड आजच सुरू करायचं."

"स्टिरॉइड?" दीपक चाचरला. "त्याने शुगर वाढते ना? आधी रिपोर्ट येऊ द्या की."

"शुगर सांभाळता येईल. रिपोर्टची वाट बघण्यात डावा डोळाही जाईल. गेलेला बहुतेक परत येत नाही."

मालनबाईंनी बाही वर सारून हात पुढे केला.

"लावा. एक पिकवला, तेवढा बास झाला."

डोकं दोन-तीन दिवसांत उतरलं. तरी रोज उठताना डावा डोळा उघडायची त्यांना धास्ती वाटे. उघडला की आधी पायावरच्या गोधडीचे टाके बघायच्या. दिसायचे. उजवा मात्र गेला तो गेलाच.

दीपकने याबद्दल तोंडातून एक शब्द काढलेला नाही. ड्युटीवर जाण्याआधी तो आईच्या सुया ओवून शिवणाच्या छोट्या उशीत टोचून ठेवतो. मालनबाईंना आता एका डोळ्याने ओवता येतं. त्याला त्यांनी ते सांगितलेलं नाही.