थोरलीचा पांढरा स्क्रू

एका पितळी स्क्रूने मी माझ्या बायकोच्या मामांना सहा महिन्यांत दहा वर्षांनी म्हातारं केलं. हे आधीच कबूल केलेलं बरं, म्हणजे पुढचं हसत सांगायचा थोडा तरी हक्क मला राहील.

मालवण तालुक्यात रेल्वे नाही, असं सरकार म्हणतं. मामांना ते कधीच मान्य नव्हतं. कट्ट्याच्या बाजारापासून थोडं आत त्यांचं घर. पडवीतून निघालेले बोटभर रुंदीचे रूळ माजघराला वळसा घालून, स्वयंपाकघराच्या दारावरून परत पडवीत यायचे. मामांनी उभा जन्म बोटीवर इलेक्ट्रिशियन म्हणून काढला. बरोबरीचे लोक परदेशी बंदरांतून सेंट आणि साबण आणत, तर मामा तिथल्या जुन्या बाजारांतून वाफेच्या इंजिनांची मोडकी मॉडेलं उचलून आणत. त्यांना खेळणी म्हटलेलं खपत नसे. "खेळणा मोडला तर पोर रडता, जावयानू. ह्यां मोडला तर मी रडतंय." स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांनी वीतभर लांबीचं फाटक बसवलं होतं आणि गाडी येत असेल तर ते ओलांडायची कुणाची टाप नव्हती. विजेचं मीटर बघायला आलेला माणूस एकदा पाणी मागायला आत निघाला, तर मालगाडी जाईपर्यंत त्यालाही तहानलेला उभा ठेवला. आतला भात करपायला लागला आणि मामी बाहेर अडकलेल्या असल्या, की त्या ओरडत, "ओ, भात करपता थंय!" मामा मान वर न करता म्हणत, "गाडी जावंदे."

निवृत्तीनंतर त्यांना डिजिटलचं वेड लागलं. पूर्वी रुळांत वीज सोडली की रुळावरची झाडून सगळी इंजिनं एकदम पळायची. आता प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप बसवायची, म्हणजे हातातल्या रिमोटवरून हवं तेच इंजिन हलवता येतं. मामांच्या भाषेत, "आदी एकाक हाक मारली की आखो वाडो धावत येय. आता जेका हाक मारीन, तोच येतलो." या कामासाठी त्यांनी मामींचं आप्पेपात्र पळवलं. सोडवलेल्या इंजिनाचे स्क्रू क्रमाने एकेका खळग्यात ठेवायचे. त्यामुळे त्या घरात सात वर्षं आप्पे झाले नव्हते, आणि मामी ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला एखाद्या दुखण्यासारखी सांगत.

या सगळ्या इंजिनांत वडील होती 'थोरली'. काळीकुट्ट, धातूची, हातात घेतली तर मनगट वाकेल इतकी जड. जुन्या इंजिनांत मोटरचं एक टोक धडाला आणि धड रुळाला जोडलेलं असतं. चिप बसवायची तर मोटर धडापासून तोडावी लागते. मामांनी मला हे निदान चार वेळा समजावलं. "मोटरीक सोवळ्यात ठेवची. धडाक शिवली की चिप मेली." मी चारही वेळा मान डोलवली आणि एकदाही ऐकलं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो, हे इथे लिहिताना लाज वाटते.

गणपतीआधीच्या एका दुपारी थोरली तयार झाली. संध्याकाळी शिरोड्याहून मामांचे बोटीवरचे जुने सोबती सहकुटुंब ती बघायला येणार होते. मामा जेवून पडले होते. मी कौतुकाने इंजिन उलटं करून पाहिलं, तर मोटर धरणारा स्क्रू पांढरा, प्लॅस्टिकचा! एवढ्या देखण्या बाईला खोटा दात, असं मला वाटलं. आप्पेपात्रात तिचा मूळचा पितळी स्क्रू होता. मी तो बसवला आणि पांढरा खिशात टाकला. मदत म्हणून, देवाशपथ.

संध्याकाळी मामांनी रिमोट दाबला. थोरली दोन सेकंद थरथरली आणि तिच्यातून धूर निघाला. पाहुण्यांना वाटलं, वाफेचंच इंजिन ते, धूर सोडणारच. त्यांनी टाळ्या वाजवल्या. वास नाकात गेला तसं मला सगळं आठवलं, सोवळ्यासकट. प्लॅस्टिक वीज अडवतं, पितळ नाही. मामांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "माझोच सोल्डरचो टाको चुकलो खंयतरी," ते म्हणाले. "हात गेले माझे."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी टाळ्यांत हात मिसळला.

मामांनी थोरली उघडूनसुद्धा पाहिली नाही. तिच्यावर धुतलेलं धोतर पांघरलं आणि रिमोट कपाटात ठेवला. फाटक कायमचं उघडं राहिलं. मामा चहाची बशीही दोन्ही हातांनी धरू लागले. हात कापत नव्हते, पण कापतील या भीतीने. पांढरा स्क्रू मी चष्म्याच्या घरात ठेवला होता. चष्मा काढताना रोज दिसायचा.

शिमग्याला आम्ही गेलो, तर मामींनी माझ्यापुढे बशी ठेवली. आप्पे! गरम, गुळाचे, कडेने कुरकुरीत.

"सात वर्सांनी केलंय," त्या म्हणाल्या. "भांडा रिकामाच पडला हा." मग पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "पण मेले गोड लागनत नाय."

मी बशी बाजूला सारली. मी चष्म्याचं घर उघडलं आणि तो स्क्रू मामांच्या बशीत ठेवला. "हा मी काढला होता. पितळी मी बसवला."

मामांनी स्क्रू उजेडात धरला. उठले, धोतर बाजूला केलं, थोरली उलटी केली आणि पितळी स्क्रूवरून नख फिरवलं. मला वाटलं, आता इंजिनच डोक्यात घालतात.

"म्हणजे माझे हात बरे आसत?" ते म्हणाले. आणि मग आत बघून ओरडले, "गो, आप्पे आटप लवकर! भांडा व्हया माका!"

"मेल्या जावयान आप्पे खाल्ले पण नाय अजून," मामी डोळे पुसत म्हणाल्या.

त्या गडबडीत माफी मागायची राहूनच गेली. मामांनी नवी चिप मागवली. पण पंचाहत्तरीच्या माणसाचे सहा महिने कुठून मागवायचे? पुढच्या खेपेला गेलो, तेव्हा फाटक बंद होतं. अलीकडे मी, पलीकडे रिमोट घेऊन मामा, आणि मधून थोरली येत होती, नव्या सुनेच्या चालीने.

"मामा," मी म्हणालो, "मला तुमची—"

"गाडी जावंदे."

थोरली गेली, मागचे पाच डबे गेले. फाटक वर झालं. मी तिथेच उभा राहून म्हणालो, "मामा, चुकलं माझं. माफ करा."