आप्पासाहेबांनी पारखलेली गाडी

राहुरीच्या पुढं मनमाड रस्त्याला लागून मळा असलेले आप्पासाहेब बैल पारखण्यात तरबेज होते. त्यांनी नाक मुरडलं की घोडेगावच्या बाजारातले व्यापारी मुकाट्यानं बैल मागं न्यायचे, असं निदान आप्पासाहेब तरी सांगायचे. मुळा धरणाचं काम चाललं होतं त्या वर्षांत त्यांनी बायकोला शब्द दिला, की आत झोपता येईल, चहा करता येईल अशी एखादी जुनी गाडी घेऊ. शनिवारी पोरींना घेऊन निघायचं, रविवारी परत. गाडी निवडणं म्हणजे त्यांच्या हातचा मळ होता.

मनकर्णाबाईंना फक्त भंडारदऱ्याकडचा रंध्याचा धबधबा बघायचा होता. लग्न, मयत आणि जत्रा सोडून त्या कुठं गेल्या नव्हत्या, आणि तिन्ही ठिकाणी पोचल्यापोचल्या पदर खोचून चुलीपुढं बसावं लागे. एकदा तरी नुसतं बसून पाण्याकडं बघावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

मग पारख सुरू झाली. मिरजगावची जीप चांगली होती, पण मालकाच्या गोठ्यातली जनावरं रोडकी निघाली. जो जित्राबाला खाऊ घालत नाही तो गाडीला काय घालणार, असं म्हणून आप्पासाहेब परतले. नगरला लष्कराच्या लिलावातली एक गाडी त्यांना तिरळी वाटली, कारण तिचा एक दिवा जरा खाली होता. आणखी एकीचा हॉर्न रडका होता. प्रत्येक वेळी मनकर्णाबाई दशम्या बांधून द्यायच्या, आणि आप्पासाहेब त्या खाऊन, रिकाम्या हातानं पण भरल्या पोटानं घरी यायचे. असे तीन पावसाळे गेले.

शेवटी श्रीरामपूरला दानीएल मास्तरांची गाडी मिळाली. मास्तर त्या गाडीतून गावोगाव येशूची भजनं गात फिरलेले. आत दोन बाकं, ती उलगडली की बिछाने. स्टोव्हला फळी, कंदिलाला आकडा. आप्पासाहेबांनी गाडीभोवती फेऱ्या मारल्या, पाठीवरून हात फिरवला, चाकाला पाय लावून ती दचकते का ते पाहिलं. मग बैलबाजारातल्या रीतीनं उपरण्याखाली मास्तरांचा हात धरून बोटांच्या खुणांनी भाव सुरू केला. प्रार्थना करायची असेल असं वाटून मास्तरांनी डोळे मिटले.

मास्तर सरळ माणूस. बॅटरी गेलेली आहे, हँडल मारल्याशिवाय गाडी सुरू होत नाही, हे त्यांनी आपण होऊन सांगितलं, हँडल मारून दाखवलं आणि ते आप्पासाहेबांपुढं धरलं. आप्पासाहेबांनी हात मागं घेतला. त्यांच्या लेखी हँडल म्हणजे गाडीचं दावं. जनावर विकलं तरी दावं जुन्या मालकाच्याच गोठ्यात राहतं, नाहीतर विकणाऱ्याची दावण ओस पडते, हे ज्याला कळत नाही तो कसला शेतकरी.

"दावं तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या, मास्तर. आमी तसली मानसं न्हाई," असं म्हणून, चालू गाडीत बसून ते थाटात घरी आले. दारात गाडी बंद केली. मनकर्णाबाईंनी तिला ओवाळलं.

शनिवारी सकाळी पोरी नवे परकर नेसून बाकांवर बसल्या. मनकर्णाबाई पुढं बसल्या, मांडीवर भाकरीचं गठुडं. आप्पासाहेबांनी किल्ली फिरवली. गाडी ढिम्म. त्यांनी तिला चुचकारलं, मग शिव्या घातल्या, मग आपली नावाजलेली खिलारी जोडी आणून पुढं जुंपली. बैलांनी एकदा मागं वळून पाहिलं आणि ते बसले.

श्रीरामपूर काही लंकेत नव्हतं. हँडल आणता आलं असतं. पण दावं परत मागायचं म्हणजे सौदा मोडला असं होतं, आणि बाजारात तोंड दाखवायला जागा राहत नाही. आप्पासाहेब बैलांशेजारी उकिडवे बसून यावर विचार करू लागले.

मनकर्णाबाई गठुडं घेऊन खाली उतरल्या. पोरींनाही उतरवलं.

"तुमी बसा तिला वैरन घालीत," त्या म्हणाल्या. "आमी चाललो."

"कशानं?"

"यष्टीनं."

आजवर विचारल्याशिवाय त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. आप्पासाहेब बैलांशेजारून उठून उभे राहीपर्यंत एसटी आली.

संगमनेरपर्यंत मनकर्णाबाईंना दोनदा उलटी झाली. रात्र राजूरला मावसबहिणीकडं काढली; तिथं चुलीपुढं बसायला त्यांनी चक्क नकार दिला. रविवारी सकाळी रंध्याचं पाणी समोर कोसळत होतं, पोरी ओरडत होत्या, त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. मनकर्णाबाई खडकावर मांडी घालून बसल्या. आनंद झाला, इतका की रडू आलं. आणि मग राग आला. आप्पासाहेबांचा नव्हे, स्वतःचाच. ही एसटी रोज सकाळी त्यांच्या मळ्यासमोर थांबत होती.