भेंडारकर सरांचा वजनदार प्रिंटर

लाखनीच्या आमच्या शाळेत मी बावीस वर्षं चित्रकला शिकवली. तेवढ्यात मुलांना किती चित्रकला आली ते विचारू नका, पण माझ्याकडे किस्से मात्र पोत्यानं जमले. त्यासाठी काही करावं लागत नाही. एका स्टाफरूममध्ये सात-आठ शहाणी माणसं कोंडून ठेवली की ते आपोआप जमतात. त्यातल्या एखाद्यानं नवी वस्तू घेतली, की मिक्सरवर प्लास्टिकची टोपली मिळते तसे तिच्यावर किस्से फुकट मिळतात.

आमच्या विज्ञानाच्या भेंडारकर सरांनी घरी फोटो छापायचा प्रिंटर घेतला, तेव्हा तर आमची दोन वर्षांची सोय झाली.

हे भेंडारकर सर म्हणजे अर्धं गाव. त्यांना सगळं येतं. मोटारपंप, होमिओपॅथी, जमिनीचे कायदे, सगळं. माझ्या विषयाला ते 'फावल्या तासाचा विषय' म्हणायचे, तेही मुलांसमोर. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे माझ्या बोलण्यातला खवटपणा कुठून आला ते कळेल.

*

प्रिंटर घ्यायचं कारण वरवर एकच होतं, गावातला स्टुडिओवाला एका फोटोसाठी चार चकरा मारायला लावतो. पण घरात त्याला होकार मिळाला तो वेगळ्या कारणानं.

सरांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या वहिनींचं माहेर गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. गाव उठायच्या आठवड्यात कुणीतरी त्यांच्या बाबांचा एक फोटो काढला होता. डोक्याला पांढरी टोपी, धोतर, आणि मागे घराचा निळा दरवाजा. पुढे पुनर्वसनाच्या गावात बाबा गेले. दरवाजा तर आधीच गेला होता. राहिला तो पोस्टकार्डाएवढा फोटो, तोही उन्हात ठेवलेल्या कापडासारखा फिका पडलेला. वहिनींना त्याच्या प्रती काढून दोन्ही भावांना द्यायच्या होत्या. स्टुडिओवाला म्हणायचा, फोटो ठेवून जा, आठ दिवसांनी या. त्याला वहिनी तयार नव्हत्या.

"घर पाण्याखाली गेलं. हा तरी माह्या हातात राहू द्या," असं त्या आमच्यासमोरच म्हणाल्या होत्या.

घरीच मशीन आली तर फोटोला उंबरठा ओलांडावा लागणार नाही, एवढ्या एका आशेवर त्या माउलीनं नवऱ्याला होकार दिला. पहिला फोटो बाबांचा काढायचा, असं ठरलं. सरांनी मान डोलावली. सरांची मान कशालाही डोलते.

*

खरेदीला नागपूरला तिघं गेलो. सर, आमच्या शाळेचे क्लार्क गभणे बाबू, आणि चित्रकलेचा माणूस म्हणून मी. रंगांबद्दल विचारतील असं मला वाटलं होतं. मला पिशवी धरायला नेलं होतं.

दुकानातला विक्रेता बिचारा भला होता. शाई किती रंगांची, कागद कोणता चालतो, फोटो किती वर्षं टिकेल, सगळं त्यानं नीट समजावलं. सरांनी डोळे मिटून ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती किलोची आहे?"

त्याला हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारला नसावा. तो खोक्यावर वाचू लागला. तोवर सरांनी एकेक प्रिंटर काखेत घेऊन उचलून पाहायला सुरुवात केली होती. गभणे बाबू टरबूज पाहावं तसं प्रत्येकाला बोटानं वाजवून बघत होते.

"हलकी वस्तू टिकत नाही, रामटेके सर. वजन पाहा आधी," सरांनी मला शिकवलं.

सगळ्यात जड होता तो घेतला. तो जड होता कारण त्याच्या वरच्या झाकणाखाली काच होती. त्या काचेवर फोटो ठेवला की त्याची नक्कल निघते. विक्रेत्यानं हे सांगितलंही, पण तेव्हा सर दुसरा प्रिंटर उचलून पाहत होते.

एस.टी.त सरांनी खोकं वर ठेवू दिलं नाही, डिकीत ठेवू दिलं नाही. सरांनी नागपूर ते लाखनी ते मांडीवर घेतलं. लाखनी आलं तेव्हा दोन्ही पाय बधिर. कंडक्टरनं आणि आम्ही मिळून आधी प्रिंटर उतरवला, मग सरांना उतरवलं.

*

मशीन बसवून द्यायला भंडाऱ्याहून एक माणूस आला. त्या दिवशी सरांकडे पोहे आणि पेढे होते. मी पोह्यांसाठी गेलो होतो, खोटं कशाला सांगू!

त्या माणसानं नक्कल करून दाखवायला एखादा फोटो मागितला. वहिनी लगबगीनं आत गेल्या आणि डब्यातून बाबांचा फोटो घेऊन आल्या. फाटकाशी शेजाऱ्याला पेढा देत उभे असलेले सर तिथूनच म्हणाले, "थांब, आधी माहा टाक. शुभ कामाले सत्काराचाच फोटो पायजे."

सत्कार म्हणजे कुठल्याशा मंडळानं सरांना शाल-श्रीफळ दिलं होतं, त्याचा फोटो. सर त्यात एवढे हसले होते की नारळ लहान दिसत होता. फोटो देऊन सर पुन्हा फाटकाकडे वळले. त्या माणसानं झाकण उघडलं, फोटो काचेवर पालथा ठेवला, झाकण लावलं, बटन दाबलं. नक्कल बाहेर आली. सर परतले तेव्हा ती सगळ्यांच्या हातात फिरत होती, आणि बसवणाऱ्याला शेवटची बस गाठायची होती.

फोटो काचेवरच राहिला. मी पाहिलं होतं. माझ्या तोंडात पोहे होते.

वहिनींनी आपला फोटो पुन्हा डब्यात ठेवला. नंतर काढू, असं सर म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी मशीनवर वहिनींनी विणलेला क्रोशाचा रुमाल आला आणि त्यावर गुलाबी प्लास्टिकची फुलदाणी. मशीनमध्ये धूळ जायला नको, असा सरांचा हुकूम होता. खाली चिठ्ठी चिकटली, 'हात लावू नये'. त्यामुळे ते झाकण उघडतं हे सरांना कधी कळलंच नाही. सर कॅमेऱ्याचं कार्ड बाजूला खुपसायचे, मागून कागद घालायचे, आणि पुढून फोटो निघायचा. मशीन म्हणजे त्यांच्या लेखी एवढीच.

आणि आठवड्यानं लक्षात आलं की सत्काराचा फोटो सापडत नाही!

सरांनी कपाट उपसलं. तांदळाची कोठी रिकामी केली. वहिनींवर ओरडून झालं. मग शोध लागला की स्टुडिओवाल्यानंच जळून तो पळवला असणार, कारण त्याचा धंदा बसला. स्टुडिओवाल्यानं सरांच्या घरात जन्मात पाऊल ठेवलेलं नव्हतं.

मला माहीत होतं फोटो कुठे आहे. एक शब्द बोललो असतो तर काम झालं असतं. पण त्याच दुपारी सरांनी माझा तास भूमितीसाठी मागून घेतला होता, तोही मला न विचारता. म्हटलं, विज्ञानाचा माणूस आहे, शोधू दे. मला त्यात मजा येत होती. आज ते आठवलं की बरं वाटत नाही.

*

पहिलं मोठं काम आलं ते मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभाचं. सरांनी महागाचा चकचकीत कागद आणला आणि पंचवीस फोटो उलट्या बाजूवर छापले. शाई काही केल्या वाळेना.

सरांनी निदान केलं, हवा दमट आहे. अंगणात बाज टाकली, तिच्यावर चादर अंथरली आणि पापड वाळवावे तसे पंचवीस मुख्याध्यापक उन्हात वाळत घातले. राखण करायला वहिनींना बसवलं. दुपारी वारा आला. फोटो एकमेकांवर पडले आणि एकाची शाई दुसऱ्याला लागली. एका फोटोत मुख्याध्यापकांना दोन नाकं होती, एकात नाकच नव्हतं.

निरोप घेताना मुख्याध्यापक गहिवरले होते. भेट दिलेलं फोटोंचं पाकीट उघडल्यावर त्यांचा गहिवर ओसरला.

त्यातून सर एक गोष्ट मात्र कायमची शिकले. फोटोचा कागद घालताना गुळगुळीत बाजू आपल्याकडे. ते भिंतीवर लिहूनही ठेवलं. वहिनींनी विचारलं, आता बाबांचा? कागद संपला होता.

*

नवी वस्तू जपून वापरावी, हा आमच्याकडचा रिवाज. सरांनी प्रिंटर इतका जपला की तीन-चार महिने चालूच केला नाही. शाई वाचेल म्हणाले. ही मशीन उलट आहे, वापरली नाही तर शाई आतल्या आत वाळते. हे विक्रेत्यानं सांगितलं होतं, पण तेव्हा वजन चाललं होतं.

गभणे बाबूंच्या पुतण्याचं लग्न जुळवायचं होतं. त्याचा फोटो साकोलीकडच्या एका घरी पाठवायचा होता. सरांनी मोठ्या मनानं छापून दिला. लाल वाळलेला, निळा वाळलेला, वाहत होता तो फक्त पिवळा. पोरगं नखशिखांत पिवळं निघालं. गभणे बाबूंनी चिंता दाखवली तर सर म्हणाले, "गोरेपणा आहे तो. स्टुडिओतला फोटो पाहून पाहून तुमची नजर बिघडून राहिली."

मुलीकडून चार दिवसांत निरोप आला. स्थळ चांगलं आहे, पण मुलाची कावीळ उतरल्यावर बघू!

गभणे बाबू महिनाभर सरांशी बोलले नाहीत. पुतण्याचं पुढे जमलं, स्टुडिओतल्या फोटोवर. सरांनी शाईच्या नव्या डब्या आणल्या. वहिनींनी पुन्हा विचारलं. सर म्हणाले, नवी शाई आहे, आधी चार साधे फोटो काढून बघू. चारही सरांचेच होते.

*

आणि आता शेवटचा किस्सा.

बाबांची तिथी आली. या खेपेला वहिनींनी तिथी आपल्या घरी करायचं ठरवलं होतं. दोघं भाऊ जेवायला येणार होते, आणि दोघांना एकेक प्रत द्यायचीच, हे त्यांनी सरांना नीट बजावलं होतं. तिथीच्या चार दिवस आधी त्या डबा घेऊन मशीनसमोर येऊन बसल्या. म्हणाल्या, आज उठणार नाही.

सरांनी कॅमेऱ्यानं त्या फोटोचा फोटो काढून पाहिला. चकाकत होता, आणि टोपीवर सरांचीच सावली पडत होती. मग त्यांची नजर मशीनवरच्या बटनाकडे गेली. त्यावर नकलेची खूण होती; इतके महिने ते कुणी दाबलं नव्हतं. सरांनी विचार केला. शिंप्याकडे नवीन ब्लाउज शिवायला मापाचा जुना देतात, तसं मशीनला आधी नमुना द्यायचा. नमुना कुठून द्यायचा? कागद जातो तिथूनच.

मी त्याच वेळी शाळेचं एक रजिस्टर द्यायला दारात पोचलो. सर प्रिंटरच्या मागच्या खाचेत बाबांचा फोटो उभा करत होते. नियमाप्रमाणे, गुळगुळीत बाजू आपल्याकडे.

"सर, थांबा," मी म्हणालो.

"तुमाले यातलं समजते का?" असं म्हणून त्यांनी बटन दाबलं.

झाकणाखाली उजेड सरकत गेला. मशीननं फोटो आत ओढला. खरखर करत सावकाश तो पुढून बाहेर आला.

वहिनींनी तो उचलला. बाबांची टोपी होती, धोतर होतं, मागे दरवाज्याची एक निळी कडा होती. मध्ये शाल, श्रीफळ आणि भेंडारकर सरांचं हसू. बाबा आधीच फिके होते, त्यांचा चेहरा कुठे राहिला असेल तर सरांच्या चेहऱ्याच्या आत राहिला असेल.

मी पुढे होऊन फुलदाणी उचलली, रुमाल काढला, झाकण उघडलं. काचेवर सत्काराचा फोटो पालथा पडलेला होता. सर त्याच्याकडे बघत राहिले. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. हे मला आधीपासून माहीत होतं हे त्यांना माझ्या तोंडावरून कळलं, आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं. त्या उठल्या. ओला फोटो दोन बोटांत धरून आत गेल्या.

तिथीला जाऊ नये असं मनात होतं, पण बोलावणं वहिनींचं होतं. गेलो. दोघं भाऊ बायकापोरांसह आले होते. बैठकीत समोरच्या भिंतीवर नवी फ्रेम होती. फ्रेममध्ये तोच फोटो. त्याला झेंडूचा ताजा हार, कपाळावर कुंकवाचा टिळा, खाली उदबत्ती. भाऊ आले, एकेकानं वर पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि हात जोडले. पोरांनाही पाया पडायला लावलं.

सर त्याच फ्रेमखाली खुर्चीवर बसले होते. पंगत मांडायची वेळ झाली तेव्हा ते उठून वहिनींजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "अवं, हार तरी काढ. माहा चेहरा दिसून राहिला त्यात."

वहिनी नैवेद्याचं ताट फ्रेमसमोर ठेवत होत्या. त्यांनी पदर डोक्यावरून नीट केला.

"बाबाचा फोटो आहे," त्या म्हणाल्या. "हार कसा काढू?"

सर भिंतीकडे पाठ करून जेवायला बसले.