आयोडीन न धरणारी माती

माझी नोकरी मातीची आहे. शोळिंगनल्लूरच्या आमच्या इमारतीत बऱ्याच जणांना मी शेतीखात्यात आहे असं वाटतं, आणि ओळख वाढवायची नसेल तर मी तसं वाटू देतो. खरं म्हणजे अणुकचरा जमिनीत खोल पुरायचा झाला तर त्याच्या डब्यांभोवती कुठली चिकणमाती ठासावी, हे आम्ही तपासतो. या मातीच्या कणांना पातळ पापुद्रे असतात आणि त्यांच्यावर ऋण भार असतो. कचऱ्यातून पाण्यात उतरलेलं किरणोत्सारी सिझियम धन भाराचं, ते त्या पापुद्र्यांत जाऊन बसतं. मग कितीही धुवा, सहजी हलत नाही. पाहुण्यांना हे मी इतक्यांदा ऐकवलंय की मी सुरुवात केली की बायको चहा टाकायला उठते.

गेल्या वर्षी तिला थायरॉइडचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग किरणोत्सारी आयोडीनचा डोस. घरी आल्यावरही काही दिवस लहान मुलापासून लांब राहा, असं डॉक्टरांनी बजावलं. आमची मुलगी तेव्हा नुकती चालायला लागलेली. बायको मागच्या खोलीत दार लावून राहिली. मुलगी दारावर थापा मारायची. आतून आईचा आवाज आला की तिचं रडणं वाढायचं, म्हणून बायकोनं बोलणंच बंद केलं.

सासूबाई मदतीला आल्या होत्या. त्या तंजावरच्या मराठी घरातल्या. एका दुपारी त्यांनी मला गाठलं.

"जावईबापू, इत्के वर्षं ते मातीच घेऊन बसलांत. हे आयोडीन धराया येक माती नाहीं का? लेकरू पावम्, बिचारं."

मला रागच आला. त्यांचा नव्हे, माझ्या मातीचा.

"नाही हो. आयोडीनवरही ऋण भारच असतो. माती त्याला जवळ करत नाही."

"मग तें जाईल कसं?"

"आपोआपच. थोडं लघवीवाटे, थोडं नुसतं दिवस गेले की."

"तर दिवस जाऊं देत," म्हणाल्या आणि भात वाढायला गेल्या.

दिवस जावेत म्हणून मी सुट्टी काढली आणि रोज संध्याकाळी मुलीला बसनं जवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावर नेऊ लागलो. तिथल्या होड्या, कुत्री, मासे बघून ती दमायची आणि माझ्या खांद्यावर झोपायची. हळूहळू दाराकडे जाईनाशी झाली. मी खूश होऊन बायकोला फोनवर सांगितलं, की आता अजिबात रडत नाही. ती "बरं झालं" म्हणाली आणि फोन ठेवला.

डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यावर बायको न्हाऊन बाहेर आली, जमिनीवर बसली आणि तिनं हात पसरले. मुलीनं तिच्याकडे पाहिलं, माझ्या मानेत तोंड खुपसलं आणि कॉलर घट्ट पकडली. मी तिची बोटं सोडवायला लागलो.

"ओढू नकोस तिला," बायको म्हणाली, आणि हात तसेच पसरून बसून राहिली.