सगळ्यांच्या मागची गाडी

पाच मोटारसायकलींच्या त्या टोळक्यात न्हाव्याची गाडी कायम शेवटी. कुणी मागे राहिलं, कुणाची गाडी रुसली, तर सोबतीला थांबायचं हे त्याचं काम. म्हणून सगळे त्याला शेपूट म्हणत. बारा वर्षांत त्याला कधी त्याचा राग आला नाही. दुकानातही शेवटचं गिऱ्हाईक उठल्याशिवाय तो बूड टेकायचा नाही.

पण तळ्याजवळच्या वळणावर टोळक्यातले चित्रकलेचे मास्तर खडीवरून घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं, तेव्हा नेमकं शेपूट मागे नव्हतं. पुढच्या तिघांना, फिटर, औषधवाला आणि बेकरीवालीला, पत्ताच नाही. न्हावी पोचला तो पाव तासाने. गाडी सुरू होईना, असं त्याने सांगितलं आणि सगळ्यांनी मान डोलावली.

त्या दिवसापासून त्याच्या गाडीवर जे कापड पडलं ते पडलंच. रविवारच्या फेऱ्या थांबल्या. फिटरने मास्तरांच्या खाटेखाली ठोकळे लावून ती उंच केली, औषधवाला आठवड्याच्या गोळ्या डब्यांत लावून जायचा, बेकरीवाली पाव आणायची. न्हावी दर गुरुवारी दाढी करायला यायचा. वळणाचं नाव कुणी काढत नव्हतं.

सातव्या गुरुवारी मास्तरांच्या गालभर फेस होता, वस्तरा हनुवटीखाली. गिऱ्हाईकाला बोलता येत नाही अशी तेवढीच वेळ असते. न्हाव्याने तीच साधली.

"गाडी बिघडली नव्हती माझी. तुम्ही पुढे गेलात, मी टपरीवर दुसरा चहा घेत बसलो."

मास्तरांनी हात वर केला. "आधी वस्तरा उचल, बाबा."

त्याने उचलला.

"फिटर म्हणतो, साखळी त्यानेच जास्त ताणली होती. औषधवाला म्हणतो, पुढे राहून त्यानेच सगळ्यांना फार जोरात नेलं. बेकरीवालीने खडी पाहिली होती, हात करायचा राहिला म्हणून रडून गेली. आता तू. तुमच्या हिशोबाने मी चारदा पडलोय. दुसरा पाय शाबूत कसा राहिला, देव जाणे."

"तसं नाही, मास्तर—"

"मी तळं बघत होतो, शेपटा. पक्षी उतरले होते. पडल्यावर मी हाकसुद्धा मारली नाही. म्हटलं, तू मागे आहेस, येशील." "चहा तरी बरा होता का?"

"पाणचट."

"मग भोग आपल्या कर्माची फळं. राहिलेला गाल कर. तुझी वहिनी बघेल तर अर्ध्या दाढीचा नवरा चालायचा नाही म्हणेल."

उजव्या गालावर न्हाव्याचा हात थोडा जड चालला, पण कुठे कापलं नाही.

"रविवारी चौघं निघा," मास्तर टॉवेलातून बोलले. "मी खिडकीतून मोजणार. चौथी गाडी दिसली नाही, तर दुसरा न्हावी बघतो."

रविवारी तीन गाड्या खिडकीखालून गेल्या. चौथी आली आणि तिथेच थांबली. इंजिन धडधडत होतं, न्हावी वर बघत होता.

"आता काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"मागे कुणी राहिलं का बघतोय."

"राहिलंय ना. मी." त्यांनी खिडकीच्या गजाला कुबडी टेकवली. "तू हो पुढे. येतो मी मागून."

न्हाव्याने गिअर टाकला.