ड्रॉईंगबाईंची अकरा चित्रं

आमच्या ड्रॉईंगबाईंच्या हातात कुणी चित्र दिलं की त्या आधी ते उलटं करायच्या. चित्र काढणारी समोर डोळ्यांत प्राण आणून उभी, आणि बाई कागदाची मागची बाजू बघताहेत. तिथे काय असायचं? कधी मुलाची जुनी उत्तरपत्रिका, कधी औषधाच्या दुकानाचं छापील बिल, कधी काहीच नाही. "पुढची बाजू काय, ती दाखवायलाच काढलेली असते," असं त्या म्हणत. मग चष्मा कपाळावर सरकवून पुढची बाजू बघत, आणि बघून झाल्यावर बहुतेक वेळा काहीच बोलत नसत. ज्यांनी बाईंबरोबर काम केलंय त्यांना हे न बोलणं काय चीज होती ते सांगायला नको. ज्यांनी केलं नाही ते सुखी आहेत.

मी घाटकोपरच्या मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायला लागले तेव्हा बाईंना तिथे बावीस वर्षं झाली होती. मी बी.ए. होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा नव्हतं. वडील विक्रोळीला कारखान्यात फिटर, आई सही करायला माझ्याकडून शिकली. हे मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे, आताही सांगते. बाई मला 'ग्रॅज्युएट' म्हणत. "काय गं ग्रॅज्युएट, खिळे आणलेस?" यात टोमणा किती आणि कौतुक किती, ते मला कधी कळलं नाही.

निवृत्तीला वर्ष राहिलं असताना बाईंनी ठरवलं की उपनगरांतल्या चित्रं काढणाऱ्या बायकांचं एक प्रदर्शन भरवायचं. नुकतीच उपनगरं मुंबईत घेतली होती, पण आम्ही दादरच्या पलीकडे निघालो की 'मुंबईला जाते' असंच म्हणायचो. मुंबईत प्रदर्शनं होत. आमच्याकडे हळदीकुंकू होत असे. शाळेचा हॉल मिळाला, आणि चिटणीस म्हणून माझी नेमणूक झाली. म्हणजे बाईंनी माझ्या हातात एक पिशवी दिली आणि "चल" म्हणाल्या.

बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत आम्ही तीन महिने घरोघर हिंडलो. बाईंची निवडीची रीत अशी, की बाईमाणूस जे चित्र हौसेनं पुढे करील ते घ्यायचं नाही. मुलुंडच्या डॉक्टरीणबाई, म्हणजे तिथल्या डॉक्टरांच्या पत्नी, यांनी दिवाणखान्यातलं भलंमोठं तैलचित्र दाखवलं. माडांच्या मागे सूर्य मावळतोय, पाण्यात होडी. मला आवडलं. बाई म्हणाल्या, "हे राहू दे. तुम्ही रिकाम्या वेळी काय काढता?" रिकाम्या वेळी डॉक्टरीणबाई खालच्या दवाखान्यात ताटकळलेल्या पेशंटांचे पाय काढत. नुसते पाय, चपलांसकट, औषधाच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर, पेन्सिलीनं. बाईंनी त्यातली एक चिठ्ठी उचलली. डॉक्टरीणबाईंचा चेहरा असा झाला की मी चहाचा कप खाली ठेवला.

मरोळला तीच तऱ्हा. तिथे जुन्या गावठाणात रोझीबाई राहायची, घरची भातशेती. तिनं चर्चसाठी भरलेला कशिद्याचा रुमाल आमच्यापुढे उलगडला. बाईंची नजर खिडकीवर. खिडकीची काच फुटलेली, आणि तिथे सिमेंटच्या पिशवीचा कागद चिकटवलेला. त्यावर कोळशानं आणि कपड्यांच्या निळीनं भाताच्या लावणीला वाकलेल्या बायका काढलेल्या.

"हे दे," बाई म्हणाल्या.

"ते नको गो बाई, वारा येतो मंग."

"पुठ्ठा लावून देते. हे तुझं चित्र मी फोर्टातल्या हॉलमध्ये लावीन."

रोझीबाईनं माझ्याकडे बघितलं, ही बाई बरी आहे ना म्हणून. पण चित्र दिलं. तिच्या लग्नाचा फोटो काढून त्याच्याच फ्रेममध्ये ते बसवलं. अशी अकरा घरची अकरा चित्रं जमली, सगळी घरच्या देवांच्या आणि लग्नाच्या फ्रेमांत, काचेसकट. आणि अकराही जणींना बाईंनी तोच शब्द दिला: तुझं चित्र फोर्टात लावीन.

मी हैराण झाले. फोर्टात कोण ओळखतंय आपल्याला? शेवटी मीच एका कलासंस्थेच्या प्रोफेसरांना इंग्रजीत पत्र लिहिलं. ते पत्र चांगलं होतं, माझ्या इंग्रजीवर माझा विश्वास होता, आणि प्रोफेसरांचं उत्तरही आलं: शनिवारी सकाळी दहाला येऊन बघतो, पसंत पडलं तर आमच्या हॉलमध्ये आठवडाभर हेच प्रदर्शन लावू. बाईंनी पत्र वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं."

शुक्रवारी दुपारी चित्रं लावायला घेतली. बाईंनी खिळे मारले ते जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर.

"बाई, इतकी खाली?"

"हो."

"चित्रं नजरेच्या उंचीवर लावतात. पाच फूट."

"कुणाच्या नजरेच्या?"

"बघणाऱ्याच्या."

"बघणाऱ्या बायका पोरं मांडीवर घेऊन बसतील. सतरंज्या घाल."

"प्रोफेसर सतरंजीवर बसणार आहेत?"

"त्यांचं त्यांना ठाऊक. सांगते तसं कर."

मी कॉलेजात असताना मुंबईत दोन प्रदर्शनं पाहिली होती. कुणीही गुडघ्याएवढ्या उंचीवर चित्रं लावली नव्हती. प्रोफेसरांना मी बोलावलेलं, हसं माझं होणार. शनिवारी सकाळी बाई मरोळला गेल्या, कारण रोझीबाई एकटी यायला तयार नव्हती. मी आठ वाजता शाळेत आले, शाळेचे शिपाई दगडूमामा यांना हाताशी घेतलं, वडिलांची पाणसळ आणली, दोरी बांधली, आणि अकराच्या अकरा चित्रं पाच फुटांवर एका ओळीत लावली. दगडूमामा म्हणाले, "बाईंना विचारलं का?" मी म्हटलं, "मामा, तुम्ही खिळा धरा." ओळ अशी सरळ आली की मी दारात उभी राहून दोनदा बघितली.

बरोबर दहाला प्रोफेसर आले. पहिल्या चित्रापुढे थांबले, मान तिरकी केली. एक पाऊल डावीकडे सरकले. मग उजवीकडे. मी पुढे होऊन बघितलं. समोरच्या भिंतीला ओळीनं खिडक्या, आणि खिडक्यांबाहेर उन्हानं भरलेलं मैदान. ते सगळं काचेत आलं होतं. डॉक्टरीणबाईंच्या पेशंटांच्या पायांवर सातवीच्या मुली लंगडी घालत होत्या. लावणीच्या बायकांच्या जागी प्रोफेसरांचा कोट होता. मी खिडक्या लावायला सांगितल्या तर हॉलमध्ये अंधार झाला, आणि दिव्याचा एकच बल्ब, तोही पार टोकाला. प्रोफेसर सज्जन होते. त्यांनी अकरा चित्रांत अकरा वेळा आमचं मैदान बघितलं, चहा घेतला आणि म्हणाले, "घरकाम सांभाळून भगिनी हे करतात, कौतुक आहे." हॉलबद्दल म्हणाले, यंदा तारखा कठीण दिसतात. दहा वीसला ते गेलेसुद्धा.

अकराच्या सुमारास बाई रोझीबाईला घेऊन आल्या. दारातच थांबल्या. भिंतीकडे बघितलं, खिडक्यांकडे बघितलं.

"कुणी लावली?"

"मी."

"येऊन गेले?"

"गेले. काही दिसलं नाही त्यांना."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. "ओळ मात्र सरळ लावलीस," त्या म्हणाल्या.

मला वाटलं होतं ओरडतील. ओरडल्या असत्या तर मलाही ओरडता आलं असतं. मी म्हटलं, "खाली लावली की काचेत खिडक्या येत नाहीत, हे तुम्ही काल सांगितलं का नाही? बायका बसतील, पोरं बसतील, एवढंच सांगितलंत."

"तेही खरंच होतं."

"पण काचेचं?"

"या हॉलमध्ये बावीस वर्षं मुलींची चित्रं खालीच लावतेय. का म्हणून कुणी विचारलंच नाही. सांगायची सवय गेली गं."

एवढं बोलून त्या खिळे उपटायला लागल्या. दुपारी चित्रं पुन्हा खाली आली, सतरंज्या पडल्या, आणि दोन दिवस बायका येऊन पोरं मांडीवर घेऊन बसत होत्या. पण फोर्टाचं काय, हे अकराही जणींनी विचारलं. मी सांगितलं की माझ्यामुळे राहिलं. बाई शेजारी उभ्या होत्या, त्यांनी एका शब्दानंही मला अडवलं नाही, सावरलंही नाही.

सोमवारी म्हणाल्या, "पत्र लिही पुन्हा." मी लिहिलं. त्यांनी मराठीत अर्थ सांगायला लावला. 'हॉलमधील प्रकाशाची व्यवस्था समाधानकारक नव्हती', असं मी लिहिलं होतं.

"कुणामुळे?"

"बाई, पत्रात तसं लिहायची पद्धत नसते."

"तुझ्या इंग्रजीत येत नाही का लिहायला?"

मी दात-ओठ खात लिहिलं, की चित्रं मी चुकीच्या उंचीवर लावली, आमच्या ड्रॉईंग शिक्षिकांनी ती योग्य लावली होती, तरी आपण पुन्हा एकदा बघावीत. महिन्यानं उत्तर आलं: पुन्हा येणं जमणार नाही, चित्रं घेऊन या. आम्ही ती ट्रंकेत भरून नेली. प्रोफेसरांनी एकेक टेबलावर ठेवून खरोखर नीट बघितली, अर्धा तास. मग चार वेगळी काढली. त्यांच्या वार्षिक प्रदर्शनात एका भिंतीवर चारपुरती जागा होती. रोझीबाईचं त्यांत होतं. डॉक्टरीणबाईंचं नव्हतं.

मी बाईंकडे बघत होते. आता या हट्ट धरणार, अकरा नाहीतर एकही नाही म्हणणार, याची मला खात्री होती. बाई म्हणाल्या, "चार तर चार."

जिना उतरताना मी म्हटलं, "तुम्ही अकराजणींना शब्द दिला होता."

"दिला होता."

"मग?"

"मग आता सातजणींकडे जायला हवं." आणि मी पिशवी उचलली तर म्हणाल्या, "तू नको. शब्द तू नव्हता दिलास."

त्या शनिवारी मी काही केलं नसतं तर अकराच्या अकरा लागली असती की नाही, हे आता कळायला मार्ग नाही. बाईंनी तो विषय कधी काढला नाही. मी काढला की त्या खिडकीबाहेर बघत.

फोर्टातलं प्रदर्शन एका रविवारी सकाळी उघडलं. मी नवं पातळ नेसून गेले. कार्डावर चार नावं छापली होती, त्यांखाली गावं: मरोळ, बोरिवली, घाटकोपर, गोरेगाव. रोझीबाई लाल चौकड्यांचं लुगडं नेसून एकटीच आली होती. लोक तिच्या चित्रापुढे थांबत होते, आणि ती त्यांच्या मागे उभी राहून ते किती वेळ थांबतात ते बघत होती. बारा वाजले तरी बाईंचा पत्ता नाही.

"बाई कुठं राहिल्या?" मी विचारलं.

"त्या मुलुंडाला गेल्या," रोझीबाई म्हणाली. "मना बसमधी बसवलं नि गेल्या. त्या डॉक्टरीणबाई दोनदा दार उघडल्या नाय म्हणं."

सहा घरी बाई जाऊन आल्या होत्या, सातवं राहिलं होतं. तरी आजच जायचं? तीन महिने जिच्यासाठी मी बोरिवली-मुलुंड केलं, जिच्या सांगण्यावरून परक्या माणसाला स्वतःची चूक इंग्रजीत लिहून दिली, ती बाई नेमकी आजच्या दिवशी हजर नाही. मी इतकी चिडले की रोझीबाईला म्हटलं, "चल, त्यांना घेऊनच येऊ."

दवाखाना रविवारचा बंद. वरच्या मजल्यावर जायच्या जिन्यात शेवटून दुसऱ्या पायरीवर बाई बसल्या होत्या. मांडीवर छत्री आडवी, शेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं डॉक्टरीणबाईंचं चित्र. दार बंद, आत भांड्यांचा आवाज.

"उघडत नाहीत?" मी म्हटलं.

"उघडेल. घरातच आहे." मग त्यांनी आम्हा दोघींना वरपासून खालपर्यंत बघितलं. "तिथे कोण आहे?"

"कुठे?"

"फोर्टात. चित्रांपाशी."

"रखवालदार आहे, बाई."

"कुणी विचारलं हे कुणाचं, कशानं काढलंय, कशावर काढलंय, तर रखवालदार सांगणार?" बाईंचा आवाज चढला. अकराजणींची वाट लावली त्या दिवशी न रागावलेली बाई त्या जिन्यात माझ्यावर रागावली. "सातांना मी बघतेय ना इथे? ती चार तुझ्या भरवशावर सोडली होती. तीही टाकून आलीस? एवढं शिकून करतेस काय तू?"

मी जिना उतरले. रोझीबाई उतरली नाही. ती बाईंच्या खालच्या पायरीवर पदर सावरून बसली.

फोर्टात परत पोचायला मला दोन वाजून गेले. हॉल बंद होईपर्यंत मी त्या चार चित्रांपुढे उभी राहिले, आणि जो थांबला त्याला सांगितलं: हे मरोळचं, सिमेंटच्या पिशवीचा कागद, कोळसा आणि नीळ. मुलुंडचं दार पावणेचारला उघडलं, असं रोझीबाईनं मला नंतर सांगितलं. आत काय बोलणं झालं ते तिनंही सांगितलं नाही.

एप्रिलात बाई निवृत्त झाल्या आणि नागपूरला भावाकडे राहायला गेल्या. निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही; म्हणजे तारीख सांगितलीच नाही. पत्र लिहायचा त्यांना कंटाळा. दोन वर्षांत दोन कार्डं आली, दोन्हींत माझी चौकशी एका अक्षरानंही नव्हती. कुणाकुणाकडे जाऊन आलीस, कोण काय काढतंय, एवढंच. मी वैतागून दोन्ही वेळा अकराही घरी जाऊन आले आणि सविस्तर उत्तर पाठवलं.

तिसरं कार्ड त्यांच्या भावाच्या अक्षरात होतं, कोपरा फाडलेलं. ते घेऊन मी आधी मुलुंडला गेले, मग मरोळला, आणि मग राहिलेल्या नऊ घरी.